साखळी गुंतते, मग पापुद्रा सपाट का राहतो? (पॉलिमर, ग्राफीन आणि अवस्थांतरं)

कोकणकडा

पॉलिमरची लांब साखळी द्रावकात सोडली की ती ताठ राहत नाही, तिचा गुंता होतो. कार्बनच्याच बंधांनी विणलेला एका अणूच्या जाडीचा पापुद्रा, म्हणजे ग्राफीन, मात्र मोकळा टांगला तरी सपाट राहतो. दोघांनाही तीच उष्णता धक्के देत असते. मग साखळी विस्कटते आणि पापुद्रा का विस्कटत नाही? सांख्यिकी भौतिकीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रश्न हाच आहे. त्यावर मराठीत सविस्तर बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

आधी साखळी. दहा हजार कड्यांची साखळी घ्या आणि प्रत्येक कडीची लांबी १ माना. ताणून सरळ केली तर लांबी १०,०००. प्रत्येक कडी मागच्या कडीची दिशा विसरून वाटेल तिकडे वळली, तर दोन टोकांमधलं अंतर कड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे साधारण १०० भरतं. पण दोन कड्या एकाच जागी बसू शकत नाहीत, त्यामुळे चांगल्या द्रावकात साखळी थोडी फुगते. वर्गमुळाचा घातांक ०.५, त्याच्या जागी ०.५८८ येतो आणि अंतर २२५ च्या आसपास जातं. पॉल फ्लोरी यांनी कड्यांमधलं ढकलणं आणि साखळीची ताणली न जाण्याची ओढ यांचा साधा ताळेबंद मांडून हा घातांक ३/५ काढला होता. इतक्या साध्या हिशेबातून इतकं जवळचं उत्तर निघावं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. द्रावक वाईट असेल, म्हणजे कड्यांना द्रावकापेक्षा एकमेकींची संगत बरी वाटत असेल, तर साखळी आक्रसून घट्ट गोळी होते. तेव्हा घातांक १/३, आणि अंतर जेमतेम वीस-बावीस.

गुंता ते गोळी हा बदल म्हणजे एका रेणूचं अवस्थांतर (बर्फाचं पाणी होतं तसा अवस्थेतला बदल). मधल्या बिंदूला थीटा तापमान म्हणतात. सायक्लोहेक्झेनमधल्या पॉलिस्टायरीनसाठी ते सुमारे ३५ अंश सेल्सिअस आहे. गणितात हे सोपं दिसतं, प्रयोगात फार अवघड होतं. थीटाच्या खाली गेलं की वेगवेगळे रेणू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, एकट्या रेणूला आक्रसायला वेळच मिळत नाही. १९८० साली एमआयटीत तोयोइची तानाका यांच्या गटाने अतिशय विरळ द्रावण घेऊन, प्रकाशाच्या विकिरणावरून (रेणूंवर आदळून प्रकाश कसा विखुरतो त्यावरून), कोटीच्या घरातलं रेण्वीय वस्तुमान असलेल्या साखळ्या एकेकट्या आक्रसताना मोजल्या.

आता मुद्दा असा की गुंता असो, थीटा असो की गोळी, साखळी सरळ कधीच होत नाही. प्रत्येक साखळीची एक लांबी असते, जिच्यापलीकडे तिला आपली दिशा आठवत नाही. डीएनए बऱ्यापैकी ताठ रेणू आहे, तरी त्याची ही लांबी ५० नॅनोमीटर, म्हणजे सुमारे १५० बेस-जोड्या. आपल्या एका पेशीत साधारण २ मीटर डीएनए असतो. त्यात अशा चार कोटी लांब्या बसतात, म्हणजे दिशा चार कोटी वेळा विसरली जाते.

हाच तर्क पापुद्र्याला लावला तर तोही चुरगळून जायला हवा. पण १९८७ साली डेव्हिड नेल्सन आणि लुका पेलिती यांनी दाखवलं की विणलेल्या पापुद्र्याचं तसं होत नाही. कारण भूमितीत आहे. सपाट पृष्ठाला दोन दिशांनी एकाच वेळी बाक द्यायचा तर ते कुठेतरी ताणलं किंवा दाबलं जातंच. गाउस यांचं १८२७ चं प्रमेय हेच सांगतं. पातळ पापुद्रा वाकवणं स्वस्त असतं, ताणणं फार महाग. उष्णतेने त्यावर बारीक लहरी उठतात. अशा लहरी उठलेल्या पापुद्र्याला मोठा बाक द्यायला गेलं की प्रत्येक लहर ताणली जाते आणि बाकाला विरोध करते. आपल्याकडे पडवीवर घालतात तो पन्हळी पत्रा तेवढ्याच जाडीच्या सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो, त्यातलंच हे. फरक एवढाच की इथे पन्हळ उष्णता पाडते, आणि सगळ्या दिशांनी पाडते.

परिणाम असा होतो की पापुद्र्याचा ताठपणा हा ठरावीक आकडा राहतच नाही. जितका मोठा तुकडा मोजाल तितका तो ताठ भरतो. ताठपणा लांबीच्या सुमारे ०.८ घाताने वाढतो. लहरींची उंचीही तुकड्याबरोबर वाढते, पण साधारण ०.६ घाताने. म्हणजे लांबीच्या मानाने ती कमीच पडत जाते आणि पापुद्रा एकूणात सपाट राहतो. साखळीला ही सोय नाही. रेषा कशीही वाकवली तरी ती ताणावी लागत नाही. उष्णतेने सुव्यवस्था मोडते हे आपण शाळेपासून ऐकतो. इथे उष्णताच सुव्यवस्थेची पहारेकरी आहे, आणि ते केवळ मिती एकाने वाढल्यामुळे.

---

तिरफळ

वाचनखूण साठवली. पण दादा, कागद चुरगळतोच की! मुठीत धरून दाबला की त्याचा बोळा होतो. तो द्विमितीय पापुद्राच आहे ना?

---

कोकणकडा

@तिरफळ, तो बोळा तुझ्या मुठीने केला, उष्णतेने नाही. कागदात घड्यांच्या रेषा कायमच्या उमटतात आणि सोडून दिला तरी तो पूर्ववत होत नाही. तो समतोलात नसतोच. खोलीच्या तापमानाची ऊर्जा कागदाच्या बाकापुढे इतकी नगण्य आहे की टेबलावरचा कागद आपणहून चुरगळणार नाही. धाग्यातला प्रश्न असा की पापुद्रा मोकळा सोडून द्या, पुरेसा वेळ द्या, हात लावू नका, मग त्याचा आकार काय ठरतो?

---

जुना_मास्तर

कोकणकडा, उत्तम लिहिलं आहे. दोन शंका आहेत, दोन्ही गंभीर आहेत.

पहिली. एकमितीय संहतीत, आंतरक्रिया जवळच्या जवळ असतील, तर शून्यावरच्या कुठल्याही तापमानाला अवस्थांतर होत नाही. हे आम्ही एमएस्सीला शिकवत आलो. साखळी एकमितीय आहे. मग गोळी होण्याला तुम्ही अवस्थांतर कसं म्हणता?

दुसरी. मर्मिन-वाग्नर प्रमेय, १९६६. द्विमितीय संहतीत सलग सममिती (म्हणजे सगळ्या दिशा सारख्याच असणं) आपोआप मोडत नाही. पापुद्रा सपाट राहतो याचा अर्थ त्याच्या लंबांनी (पृष्ठाला काटकोनात उभ्या रेषांनी) एक दिशा निवडली. ही तर सलग सममिती मोडली! प्रमेय कुठे गेलं?

---

कोकणकडा

सर, तुमच्या दोन्ही शंका विषयाच्या गाभ्यालाच हात घालतात.

पहिलीचं उत्तर: साखळी स्वतः एकमितीय असली तरी ती त्रिमितीय अवकाशात राहते. कडी क्रमांक १२ आणि कडी क्रमांक ७,००० साखळीवरून मोजल्या तर फार दूर, पण अवकाशात वळून शेजारी येऊ शकतात आणि एकमेकींना खेचू शकतात. साखळीच्या दृष्टीने ही लांब पल्ल्याची आंतरक्रियाच झाली, म्हणून तो नियम लागू पडत नाही. काटेकोरपणे पाहिलं तर खरं अवस्थांतर अनंत लांबीच्या साखळीतच होतं. मर्यादित साखळीत ते थोडं पसरट दिसतं. हा पसरटपणा कड्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणून तानाकांना इतके अजस्र रेणू लागले.

या दिशेने सर्वांत मोठं पाऊल पिएर-जील द जेन यांचं. १९७२ मध्ये त्यांनी दाखवलं की स्वतःला न छेदणारी साखळी आणि चुंबकाचं क्रांतिक वर्तन (अवस्थांतराच्या नेमक्या बिंदूजवळचं वर्तन) यांचं गणित एकच आहे, फक्त चुंबकाच्या घटकांची संख्या शून्य धरायची. शून्य घटकांचा चुंबक ऐकायला अशक्य वाटतो, पण त्यामुळे चुंबकांसाठी तयार झालेली रीनॉर्मलायझेशनची (लहान मापाकडून मोठ्या मापाकडे जाताना नियम कसे बदलतात ते काढण्याच्या पद्धतीची) सगळी यंत्रणा पॉलिमरला जशीच्या तशी मिळाली. पुढे १९७५ मध्ये त्यांनीच थीटा बिंदू हा त्रिक्रांतिक बिंदू (जिथे सलग आणि उडी मारणारं अवस्थांतर एकमेकांना भेटतात) असल्याचं मांडलं. तीन मितींत तिथे घातांक बरोबर अर्ध्यावर येतो, वर फक्त लॉगरिथमच्या दुरुस्त्या उरतात. साधी यादृच्छिक चाल खऱ्या साखळीत जवळजवळ हुबेहूब भेटते ती याच एका तापमानाला.

दुसरीचं उत्तर: मर्मिन-वाग्नरलाही आंतरक्रिया लघुपल्ल्याच्या असाव्या लागतात. पापुद्र्यात एका ठिकाणी उंचवटा आला की त्याचा ताण पापुद्र्यातून दूरवर पसरतो आणि दुसरीकडच्या उंचवट्याला कळतो. पृष्ठातल्या पृष्ठात होणारं ताणणं हिशेबातून बाहेर काढलं की मागे वक्रतांमधली लांब पल्ल्याची आंतरक्रिया उरते. म्हणून लंबांची दिशा टिकते. गंमत अशी की अणूंच्या जागांचा क्रम मात्र टिकत नाही. तो साध्या द्विमितीय स्फटिकापेक्षाही जास्त ढळतो, कारण लहरींमुळे पापुद्रा ताणायला मऊ होतो. दिशा राहते, जागा ढळते.

---

जुना_मास्तर

पहिलं पूर्ण पटलं. दुसऱ्यावर विचार करतो आहे. लांब पल्ल्याची आंतरक्रिया ही ताणाचे स्वातंत्र्यांक (पृष्ठातल्या पृष्ठात सरकण्याची मोकळीक) हिशेबातून काढून टाकल्यावर आलेली आहे, मुळात घातलेली नाही, हे ध्यानात आलं.

एक भर घालतो. स्वतःला न छेदणाऱ्या चालीचं तीन मितींत अचूक उत्तर आजही कोणाकडे नाही. पण काही फ्रॅक्टल जाळ्यांवर ते अचूक सोडवता येतं. हे १९७८ च्या सुमारास दाखवणारे प्रा. दीपक धर. आयुष्यभराचं काम मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत, पुढे पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत. २०२२ साली त्यांना सांख्यिकी भौतिकीतलं मानाचं बोल्ट्झमन पदक मिळालं, ते मिळवणारे पहिले भारतीय. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं.

---

पेशीरंग

मी पेशीजीवशास्त्रातली आहे. आमच्याकडे पापुद्रा म्हटलं की लिपिडचं, म्हणजे चरबीसारख्या रेणूंचं, दुपदरी पटल. तेही फक्त चार-पाच नॅनोमीटर जाडीचं. पण ते द्रवासारखं वाहतं, लिपिडचे रेणू सतत जागा बदलतात. मग तुमचा गाउसवाला युक्तिवाद त्याला लागू होतो का? आणि आम्ही ज्याला अवस्थांतर म्हणतो, म्हणजे डीपीपीसी या लिपिडचं पटल ४१ अंशांना जेल स्थितीतून द्रव स्थितीत जातं, ते यात कुठे बसतं?

---

कोकणकडा

@पेशीरंग ताई, लागू होत नाही, आणि इथेच दोन प्रकारच्या पटलांची वाट वेगळी होते. लिपिड रेणूंना कायमचे शेजारी नसतात. पृष्ठात कातरण दिलं (बाजूला सरकवायचा जोर लावला) तर ते वाहून जातात, विरोध करत नाहीत. उंचवटा आला की रेणू सरकून जागा करून देतात, ताण साठतच नाही. म्हणून तिथे फक्त बाकाची किंमत उरते, हेल्फ्रिश यांनी १९७३ मध्ये मांडलेली. १९८५ मध्ये पेलिती आणि लायब्लर यांनी दाखवलं की अशा द्रव पटलात उष्णतेच्या लहरी ताठपणा उलट कमी करतात, अगदी हळूहळू, लॉगरिथमने.

मग पेशीपटल चुरगळत का नाही? कारण लिपिडच्या पटलाचा ताठपणा औष्णिक ऊर्जेच्या साधारण वीसपट असतो. दिशा विसरायला लागणारी लांबी या प्रमाणावर घातांकी अवलंबून असते, त्यामुळे ती कुठल्याही पेशीच्या आकाराच्या अफाट पलीकडे जाते. साबणासारख्या द्रव्यांत योग्य सहद्रव्य घालून हा ताठपणा औष्णिक ऊर्जेइतका खाली आणता येतो. तिथे पटलं खरोखर विस्कटतात आणि थरांची रचना मोडून स्पंजसारखी प्रावस्था (द्रव्याची एक वेगळी अवस्था) तयार होते. द्रव पटलांचं खरं 'चुरगळणं' पाहायचं तर ते तिथे.

४१ अंशांचं संक्रमण वेगळ्या जातीचं आहे. त्यात पटलाचा आकार बदलत नाही, लिपिड रेणूंच्या शेपट्यांची (लांब कार्बन-साखळ्यांची) मांडणी बदलते. खाली शेपट्या सरळ आणि घट्ट उभ्या असतात, वर त्या वळतात. प्रत्येक रेणूने व्यापलेलं क्षेत्र सुमारे ०.४८ वरून ०.६४ चौरस नॅनोमीटरवर जातं.

---

पेशीरंग

हे मला आवडलं. ती शेपटीही एक छोटी साखळीच आहे, म्हणजे तुमच्या पहिल्या भागातलं वळणंच तिथे पटलाचं अवस्थांतर घडवतं. जोडीला एक माहिती: जिवाणू या तापमानाकडे फार काटेकोर लक्ष देतात. ई. कोलाय थंडीत वाढवले की ते असंपृक्त शेपट्यांचं प्रमाण वाढवतात. अशा शेपटीला मध्येच वाक असतो, ती घट्ट उभी राहू शकत नाही, आणि पटल थंडीतही वाहतं राहतं. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल हे संक्रमण बोथट करून टाकतं. सजीवांनी अवस्थांतराशी केलेला हा व्यवहार मला प्रत्येक वर्गात शिकवावासा वाटतो.

---

रसायनी

आम्हा पॉलिमरवाल्यांचा लाडका रेणू अजून कोणी काढला नाही! पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलामाइड, सोयीसाठी पीएनआयपीएएम. पाण्यात तो सुमारे ३२ अंशांपर्यंत फुगलेला गुंता असतो आणि त्याच्या वर गोळी होतो. म्हणजे पॉलिस्टायरीनच्या नेमका उलटा: तापवलं की आक्रसतो.

कारण पाण्याच्या एन्ट्रॉपीत, म्हणजे अव्यवस्थेच्या मापात, आहे. थंड असताना पाण्याचे रेणू साखळीच्या तेलकट भागांभोवती शिस्तीत बसतात आणि अमाइड गटांशी हायड्रोजन बंध करतात. तापमान वाढलं की त्या शिस्तीची किंमत परवडेनाशी होते. पाणी सुटून जातं, तेलकट भाग एकत्र येतात, साखळी गोळा होते. साखळीची एन्ट्रॉपी घटते, पाण्याची त्याहून जास्त वाढते.

अशा साखळ्या एकमेकींना जोडून जेल केलं की सगळी वीटच्या वीट एकदम आक्रसते. तानाकांनी १९७८ मध्ये पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलवर हे दाखवलं. द्रावकाचं प्रमाण किंचित बदललं की जेलचं आकारमान काहीशे पटींनी, आणि तेही उडी मारून बदलतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. माशेलकर आणि सहकाऱ्यांनी फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या जेलवर बरंच काम केलं आहे.

प्रत्यक्ष वापरताना एक गोष्ट फार छळते. फुगायला किंवा आक्रसायला लागणारा वेळ जेलच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, कारण जाळ्याला द्रवातून वाट काढत सरकावं लागतं. मिलिमीटरच्या मण्याला जितका वेळ लागतो त्याच्या शंभरपट सेंटिमीटरच्या तुकड्याला. औषध सोडणारी जेल बहुतेक सूक्ष्म कणांच्या रूपात बनवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

---

सांख्यिक

मी पापुद्र्यांची सिम्युलेशन करतो. मूळ लेखात चुरगळण्याच्या अवस्थांतराचा उल्लेख टाळला आहे, आणि माझ्या मते या विषयातली खरी नाट्यमय गोष्ट तीच आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कांतोर, कार्डार आणि नेल्सन यांनी १९८६ पासून जाळीदार पापुद्र्यांचा अभ्यास सुरू केला. कल्पना साधी: त्रिकोणी जाळं, गाठींवर गोळ्या, गाठी मर्यादित लांबीच्या दोऱ्यांनी बांधलेल्या. पापुद्रा स्वतःला आरपार छेदू शकतो असं धरलं तर भरपूर तापमानाला तो चुरगळतो, आणि इतका की त्याची त्रिज्या लांबीच्या लॉगरिथमच्या वर्गमुळाइतकीच वाढते. ताठपणा वाढवत नेला की एका बिंदूला तो सपाट होतो. १९८७ मध्ये कांतोर आणि नेल्सन यांनी हे अवस्थांतर सिम्युलेशनमध्ये दाखवलं. ते सलग की उडी मारणारं यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला.

पण खरा पापुद्रा स्वतःला छेदू शकत नाही. फ्लोरींचा साखळीवाला हिशेब पापुद्र्याला लावला तर घातांक ४/५ येतो, म्हणजे २.५ मितीचा चुरगळलेला गोळा. सगळ्यांनी हेच अपेक्षिलं होतं. मग १९८८ मध्ये प्लिश्के आणि बोल यांनी स्वतःला न छेदणाऱ्या पापुद्र्यांची सिम्युलेशन केली, आणि चुरगळलेली प्रावस्था सापडलीच नाही! मुद्दाम कुठलाही ताठपणा न घालता पापुद्रा सपाट राहिला. कारण कळल्यावर सरळ वाटतं: एका गाठीआडच्या दोन गोळ्या एकमेकींत शिरू शकत नाहीत, त्यामुळे जाळं एका मर्यादेपलीकडे दुमडताच येत नाही. ही अडचणच बाकाला विरोध करते, आणि तेवढ्या ठिणगीवर नेल्सन-पेलितींची यंत्रणा पुढचं काम करते.

प्रयोगांचीही अशीच ओढाताण झाली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राफाइट ऑक्साइडचे पापुद्रे द्रावणात चुरगळलेले दिसले असं एका गटाने जाहीर केलं. १९९४ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच पदार्थात ते सपाट, लहरी उठलेले पाहिले. दरम्यान १९९३ मध्ये रक्ताच्या लाल पेशीतून स्पेक्ट्रिन या प्रथिनाचं जाळं वेगळं काढून त्यावर विकिरणाचे प्रयोग झाले. ते सपाट निघालं, आणि लहरींच्या उंचीचा घातांक सुमारे ०.६५ आला. सिद्धांत ०.५९ च्या आसपास सांगतो, म्हणजे मोजमापाच्या चुकीत जुळतं.

---

पेशीरंग

सांख्यिक, लाल पेशीचं उदाहरण दिलंत याचा आनंद झाला. त्या एका पेशीत दोन्ही प्रकार आहेत: वर वाहतं लिपिड पटल, आतून त्याला टाचलेलं स्पेक्ट्रिनचं विणलेलं जाळं. ही ८ मायक्रोमीटरची पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून निघून जाते आणि पुन्हा मूळ आकार घेते. जाळ्यात दोष असला की पेशी गोलसर होतात, ठिसूळ होतात आणि प्लीहेत फुटतात. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस तो हाच.

---

तिरफळ

मला आकडे हवेत. ग्राफीनचा ताठपणा उष्णतेने 'वाढतो' म्हणजे नक्की किती? दहा टक्के? दुप्पट?

---

कोकणकडा

@तिरफळ, हा हिशेब इथेच करून टाकू.

अणूंच्या पातळीवर ग्राफीनचा बाकाचा ताठपणा सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ताणण्याला होणारा विरोध दर चौरस अँग्स्ट्रॉमला सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीच्या तापमानाची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या तिघांवरून एक लांबी निघते, जिच्यापुढे उष्णतेच्या लहरी महत्त्वाच्या ठरतात. सूत्रात आकडे घातले की ती येते सुमारे २ नॅनोमीटर! म्हणजे ग्राफीनचा डोळ्यांनी किंवा उपकरणाने हाताळता येणारा कुठलाही तुकडा या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे.

आता १० मायक्रोमीटर रुंदीची पट्टी घे. ती २ नॅनोमीटरच्या ५,००० पट. ५,००० चा ०.८ वा घात म्हणजे साधारण ९००. उत्तर दहा टक्के नाही, दुप्पटही नाही. जवळजवळ हजारपट.

२०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात नेमक्या अशाच पट्ट्या पाण्यात मोकळ्या करून त्यांचा ताठपणा मोजला गेला. कात्रणकामासारखे काप देऊन ग्राफीनच्या स्प्रिंगाही त्यांनी केल्या. पट्ट्यांचा ताठपणा अणूंच्या पातळीपेक्षा हजारो पटींनी जास्त भरला. यात उष्णतेच्या लहरींचा वाटा किती आणि बनवताना कायमच्या राहिलेल्या सुरकुत्यांचा किती, हे वेगळं करणं अवघड आहे. सुरकुत्याही त्याच भूमितीने ताठपणा वाढवतात, पण त्यांना उष्णता लागत नाही. म्हणून 'सिद्धांत सिद्ध झाला' असं मी म्हणणार नाही. दिशा आणि प्रमाण दोन्ही जुळतात, एवढं ठामपणे म्हणेन.

---

रसायनी

आणि ताणण्याचं काय? वर तुम्ही म्हणालात की पापुद्रा ताणायला मऊ होतो.

---

कोकणकडा

हो. आधीच लहरी असलेला पापुद्रा ताणताना सुरुवातीला बंध ताणावे लागत नाहीत, लहरी उलगडल्या की झालं. ग्राफीनचा ताणाचा अपेक्षित गुणांक मीटरला ३४० न्यूटन आहे. २०१५ मध्येच टांगलेल्या पापुद्र्यावर हलका ताण देऊन मोजला, तर तो २० ते १०० न्यूटनच भरला. जोरात ताणून लहरी काढून टाकल्या की मूळ आकडा परत येतो. ग्राफीन तापवल्यावर पृष्ठातल्या पृष्ठात आक्रसतं, तेही यामुळेच: उष्णता वाढली, लहरी वाढल्या, पापुद्र्याची सावली लहान झाली.

---

जुना_मास्तर

आता माझा आक्षेप. सांख्यिक यांच्या म्हणण्यानुसार खऱ्या पापुद्र्यात चुरगळलेली प्रावस्था नाहीच. मग 'सपाट प्रावस्था' या शब्दाला काय अर्थ राहिला? पलीकडे काही नसेल तर अवस्थांतर कशाचं? ज्या संक्रमणाला एकच बाजू आहे त्यावर इतका सिद्धांत उभा करणं मला पटत नाही.

---

सांख्यिक

सर, मी असहमत आहे. प्रावस्था ओळखायला पलीकडची बाजू लागत नाही, तिचे स्वतःचे घातांक असले की पुरतं. सपाट पापुद्र्यात ताठपणा लांबीबरोबर वाढतो, ताणाचा गुणांक घटतो, आणि दोन्ही घातांक एकमेकांशी काटेकोर नात्याने बांधलेले आहेत: ताणाचा घातांक म्हणजे दोन वजा बाकाच्या घातांकाची दुप्पट. साध्या पत्र्यात यातलं काहीच नसतं. शिवाय ही सगळी प्रावस्थाच क्रांतिक असते. चुंबकाला ज्यासाठी नेमक्या तापमानावर आणून ठेवावं लागतं, ते पापुद्रा कुठल्याही तापमानाला आपोआप दाखवतो.

---

जुना_मास्तर

हा मुद्दा वजनदार आहे. क्रांतिक वर्तन दाखवणारी सबंध प्रावस्था, हे मान्य. तरीही पलीकडची बाजू कोणीतरी प्रयोगाने दाखवावी असं मला वाटतं, आणि तोवर 'अवस्थांतर' हा शब्द मी जपूनच वापरेन. ग्राफीन नुसतं तापवून चालणार नाही का?

---

कोकणकडा

सर, तापवून चालणार नाही. बाकाचा ताठपणा आणि औष्णिक ऊर्जा बरोबरीला आणायची तर १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे १४,००० केल्विन लागतील. त्याच्या कितीतरी आधी कार्बनचे बंध तुटून पापुद्राच उरणार नाही.

---

सांख्यिक

तापमान वाढवता येत नसेल तर ताठपणा उतरवायचा. पापुद्र्याला दाट भोकं पाडली की त्याचा एकूण ताठपणा खाली येतो, शिवाय भोकांमधल्या अरुंद पट्ट्या पृष्ठाबाहेर सहज वळू शकतात, त्यामुळे ताण न साठवता वाकायच्या वाटा वाढतात. २०१७ मध्ये नेल्सन, बोविक आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेशनमध्ये दाखवलं की भोकांची दाटी वाढवत नेली की चुरगळण्याचं तापमान झपाट्याने उतरतं. ग्राफीन हव्या त्या नक्षीत कापण्याचं तंत्र कॉर्नेलच्या प्रयोगापासून हाताशी आहेच.

माझ्याकडे चौकोनी जाळ्यात मांडलेल्या गोल भोकांचं सिम्युलेशन चालू आहे, गोळ्या एकमेकींत शिरू न देता. भोकांमधली पट्टी किती अरुंद केली की सपाटपणा सुटतो, आणि मुळात सुटतो का, हेच पाहतोय. सध्या जाळं लहान आहे. ठरवण्याइतके आकडे आले की याच धाग्यावर टाकतो. तिरफळ, सी++ येत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, दोन वेगवेगळ्या आकारांची जाळी समांतर चालवायला मदत हवीच आहे.

---

तिरफळ

येतं. व्यनि केलाय.